ताटातलं बी

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, तेव्हा मी आणि माझ्या होस्टेलमधल्या मित्रानं भोकरदनला बियाण्यांचं दुकान टाकलं. दोघंही शेतकी कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. तो जालन्याहून माल आणायचा, मी दुकानात बसायचो. होस्टेलच्या गच्चीवर आम्ही ठरवलं होतं, की उगवून दाखवल्याशिवाय एक दाणाही विकायचा नाही. आज ते आठवलं की हसू येतं, आणि त्या दोन पोरांचा हेवाही वाटतो.

आमची रीत साधी होती. नवा माल आला की पिशवीत हात घालायचा, न बघता मूठभर बी काढायचं आणि ओल्या गोणपाटात घालून पितळी ताटात ठेवायचं. तीन-चार दिवसांनी कोंब आले की ते ताट दारातच, सगळ्यांना दिसेल असं. शेजारचे अडते रोज चिडवायचे, "काय, दुकान टाकलं का शाळा?" पण बाजारच्या दिवशी बायाबापड्या वाकून वाकून ताट बघायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू, मिजास होतीच.

दुसऱ्या वर्षी हायब्रीड ज्वारीचा एक माल आला आणि ताटात निम्मेही कोंब दिसेनात. जवळ होतं नव्हतं ते त्यात घातलेलं, आणि मित्र दुसऱ्या मालासाठी जालन्याला जाऊन बसलेला. माल विकला नाही तर दुकान बंद, हे मला लख्ख दिसत होतं. मी नवं ताट लावलं. या वेळी मात्र उजेडात बसून टपोरे, चमकदार दाणे एकेक करून वेचले. मनाला सांगितलं, एवढ्या एका मालापुरतंच.

कोंब काय सुरेख आले! तोवर पाऊसही पडून गेला होता, पेरणीची घाई उडाली होती. ताट दारात ठेवलं त्याच सकाळी ओळखीचा एक शेतकरी पिशवी घेऊन गेला. दुपारी एक म्हातारी आली. तिनं ताट पाहिलं, मग उघड्या पिशवीतलं मूठभर बी तळहातावर पसरलं. बोटानं टपोरे दाणे एकीकडे, बारके-सुरकुतलेले दुसरीकडे केले.

"लेकरा, ताटातलं बी तू निवडून लावलं."

"नाही आजी, तसं काही नाही."

"आम्ही बी निवडतोच की घरी. पण जे निवडलं तेच पेरतो. तुझं काही बराबर दिसून न्हाई राह्यलं."

दाणे पिशवीत टाकून, हात झटकून ती निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळच्या एसटीनं मित्र परतला. मी त्याला सगळं सांगितलं. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "किती जणांनी नेलं?"

"एकानं."

"मंग सकाळी जाऊ."

उजाडताच आम्ही एका सायकलवर डबलसीट निघालो. आधीच्या, चांगल्या उगवलेल्या मालाची एक पिशवी शिल्लक होती, ती मी मांडीवर घेतली होती. पण वाफसा, म्हणजे रानातली पेरणीजोगी ओल, जाऊ नये म्हणून त्या शेतकऱ्यानं आदल्या दुपारीच पेरून टाकलं होतं. आम्हाला पाहून तो खूष झाला.

"दरसाल मी घरी ओल्या फडक्यात बी लावून पाह्यतो," तो म्हणाला. "यंदा म्हणलं, पोरं दाखवून राह्यले, आता काय गरज."

मी बांधावरच बसलो. मान वर न करता सगळं सांगून टाकलं. त्यानं एकदा पेरलेल्या रानाकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पिशवीकडे बोट करून म्हणाला, "आन इकडं." तिघांनी मिळून ते रान पुन्हा पेरलं.

तो माल आम्ही विकला नाही. वर्ष कसंबसं निघालं, दुकान तगलं. तो शेतकरी दरसाल यायचा, पण ताटाकडे बघायचासुद्धा नाही. मूठभर बी मागायचा, घरी फडक्यात लावायचा आणि चार दिवसांनी येऊन पिशवी न्यायचा. मूठ भरायला पिशवी मीच त्याच्यापुढे उघडून धरायचो.