मामांचा संशय आणि शेजारची डिश

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कशावरही विश्वास ठेवलेला नाही. माणसांवर नाही, हवामानाच्या अंदाजावर नाही, आणि टोरोंटोच्या ज्या गर्द झाडीच्या जुन्या उपनगरात ते राहतात त्यावर तर मुळीच नाही. तिथल्या गल्ल्यांना इंग्लंडातल्या खेड्यांची नावं आहेत, घरं विटांची, बुटकी, आणि भर दुपारीही अंगणात सावली. बाहेरचे लोक गाडी हळू करून बघत जातात. मामा पडद्याआडून त्या गाड्यांचे नंबर पाठ करतात. "जावईबापू, इतकी शांतता आहे म्हणजे काहीतरी शिजून राहिलं," असं ते नागपुरी थाटात मला दर भेटीत सांगतात.

त्यांचा मुख्य संशय शेजारच्या गोऱ्या आजींवर. आजींचा जन्मच त्या घरातला. पूर्वी इथे सफरचंदांची बाग होती, मग तुकडे पाडून घरं बांधली, असं त्या सांगत आणि मागच्या अंगणातलं बागेचं शेवटचं झाड दाखवत. "एका झाडाची बाग होते होय?" मामा मला विचारत. आजींनी फावड्याने बर्फ काढताना मामांच्या बाजूचंही थोडं साफ केलं, तर हे म्हणाले, "आज बर्फ काढते, उद्या जागा मागेल." आजी पहिल्यांदा काचेच्या डिशमधून ॲपल पाय घेऊन आल्या तेव्हा मामांनी आधी मला खायला लावला. बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मग उरलेला एकट्याने संपवला.

आता, भांडं रिकामं परत करायचं नाही हे आपल्याकडचं वळण. मामी गेल्या होत्या, पण त्यांचं वळण घरात होतं. मामांनी डिश चिवडा भरून दिली. आजींना वाटलं, भेटीला भेट द्यायला हवी. त्यांनी केक घालून आणली. अशी ती डिश कित्येक वर्षं कुंपणावरून ये-जा करत राहिली. "ही बाई थांबूनच नाही राहिली," मामा कुरकुरत आणि चिवड्यात काजू वाढवत.

अलीकडे गल्लीतली जुनी घरं बिल्डर घेऊ लागले. घर पाडायचं, झाडं तोडायची आणि कुंपणापर्यंत बंगला ठोकायचा. मामांची झोप उडाली. आजींच्या दारी कुठलीही गाडी थांबली की मला ऑफिसात फोन. "विकून राहिली ती. झाड जाणार." एकदा ती गाडी नळ दुरुस्त करणाऱ्याची निघाली. झाडाचं तुम्हाला एवढं काय, असं विचारलं तर चिडत. "मला काय करायचं? पानं सगळी माझ्याकडेच पडतात." पण या मार्चमध्ये आजी घसरून पडल्या आणि मामांचा संशय पहिल्यांदा खरा ठरला. घर विकलं, आजी वृद्धाश्रमात गेल्या, झाडही तोडलं. त्या दिवशी मामांनी पडदा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

डिश मात्र मामांकडेच राहिली होती. "मुद्दाम ठेवली तिनं. मी यावं म्हणून." शेवटी एका रविवारी ती चिवड्याने भरून आम्ही गेलो. आजींच्या खोलीला स्वयंपाकघर नाही. त्यांनी चिवडा एका डब्यात काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि नाश्त्यातून वाचवलेलं सफरचंद डिशमध्ये ठेवून ती मामांच्या हातात दिली. "रिकामी कशी देऊ?" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्याकडूनच शिकले."

गाडीत मामा डिश मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, "पाहिलं? आता पुन्हा यावं लागेल. ठरवून करून राहिली ती." मी म्हटलं, पुढच्या वेळी डिश तिथेच ठेवून येऊ, कटकट मिटेल. मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीही आता संशयितांत जमा झालो.

"रविवारी दहाला ये," ते म्हणाले. "आणि येताना काजू आण."