तीन निलगिरींचे खड्डे

नाथा गावितचं डोकं कायम तापलेलं असतं, हे पेठ नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही मजुराला विचारा, तो सांगेल. का तापलेलं असतं, ते मात्र कुणी विचारत नाही. माणूस पेठकडच्या डोंगरातला. तो आणि त्याची बायको भागीबाई वीस वर्षांपूर्वी भातकापणी उरकून नाशकात कामाला आले आणि इथलेच झाले. झाड तोडून खोड उपटल्यावर जो खड्डा उरतो, तो भरून अंगण सपाट करावं तर या दोघांनीच. लोक म्हणतात, त्यात कसलं आलंय कसब? माती लोटली, पाय दिला, झालं! असं म्हणणाऱ्याच्या अंगणात दोन पावसाळ्यांनंतर जाऊन बघा. डबकं नसेल तर सांगा.

एकदा नाथानंही तसंच केलं होतं. मालकाला घाई होती, म्हणून आंब्याची मुळं आणि भुसा खड्ड्यातच ठेवून त्यानं वरून माती ओढली. मुळं कुजली, आत पोकळ झालं, आणि त्या घरातली म्हातारी सावित्रीबाई तुळशीला पाणी घालायला निघाली ती मांडीचं हाड मोडून पडली. नाथा भेटायला गेला तर ती बिचारी म्हणते, "माझाच पाय चुकला रे बाबा." तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तेव्हापासून असा बनवाबनवीचा खड्डा दिसला, की नाथाच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा जानेवारीत महेश ठेकेदारानं दोघांना एका शाळेच्या मैदानावर बोलावलं. गेली आठ वर्षं महेशच्याच कामावर त्यांची चूल पेटत होती. मैदानातल्या तीन जुन्या निलगिरी तोडून जेसीबीनं बुंधे उपटले होते. खड्डे महेशच्या माणसांनी आदल्या दिवशीच बुजवलेले. नाथानं फक्त वरची माती सारखी करायची होती. तीन दिवसांवर सव्वीस जानेवारी, आणि त्याच जागेवर पोरांची कवायत.

नाथानं पहार मारली. ती लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. त्यानं दोन घमेली माती उपसली. खाली मुळांचे तुकडे, भुसा, फुटक्या फरशा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि वर कुठल्याशा बिल्डिंगच्या पायाच्या खोदकामातली फुकटची काळी माती. ती काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. रानात ती सोनं आहे, पण पोरांच्या पायाखाली ती घालू नये, हे पेठचं शेंबडं पोरही सांगेल.

"शेठ, हे काय भरलंय? हे सगळं काढावं लागंल," नाथा म्हणाला.

"तुला शहाणपण शिकवायला बोलावलं नाही. वरून सपाट कर. मला फोटो पाठवायचाय," महेश म्हणाला.

"आरं, गप बस ना," भागीबाई हळूच म्हणाली. तिला नवऱ्याचे कान लाल झालेले दिसत होते.

"सपाट करतो, आन् उद्या पोराचा पाय मोडला मंग?"

"कशाचा पाय मोडतोय!" महेश त्या मातीवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं दाणदाण पाय आपटले. "हे बघ. दगड आहे दगड!"

नळावरून नाथानं एकामागून एक सहा बादल्या आणल्या आणि महेशच्या बुटांशेजारी ओतल्या. "अरे, काय चाललंय तुझं?" महेश ओरडत होता, पण हटेना. हटला असता तर हरला असता ना! पाणी झरझर आत गेलं. पोटात गुरगुरावं तसा खालून आवाज आला आणि महेशचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. वर्गाच्या खिडकीत पोरं खदाखदा हसली. बूट आतच राहिला.

"चालता हो! माझ्या कुठल्याच कामावर पाऊल ठेवायचं नाही!" एका पायात बूट, एका पायात चिखल, अशा अवतारात महेश गाडीत बसून गेला.

नाथानं तरी खड्डा उपसायला घेतला. भागीबाईनं कपाळावर हात मारला. "झालं समाधान? आता खा राग वाटीत घेऊन!" त्यानंतर ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. पण मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडमनी नव्या खोलीच्या पायासाठी आणलेला मुरूम वापरायला दिला, तेव्हा पहिलं घमेलं उचललं तिनंच.

दोन दिवस दोघं राबली. तिन्ही खड्डे रिकामे केले, मूळन्‌मूळ वेचून काढलं. मग वीतभर मुरूम, वर पाण्याचा शिपका, वर माती ठोकायच्या जड धुम्मसाचे ठोके. पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. प्रत्येक ठोक्याला नाथा महेशला शिवी घालत होता आणि भागीबाई ओठ आवळून ठोकत होती. वरचा थर त्यांनी चार बोटं चढाच ठेवला. माती बसते, तिला बसायला जागा द्यावी लागते.

पंचवीसच्या दुपारी नाथानं पोरांना हाक मारली. "या इकडं. उड्या मारा."

पोरं बिचकली. जरा वेळानं दोघं-तिघं अलगद पाय टेकवत चढली.

"अरे, मारा म्हनलं ना उड्या! काय पायाला मेंदी लावलीय का? जोरात!" नाथा खेकसला. स्वतः तो जमिनीला हाताचा पंजा लावून बसला होता आणि कुठं दबतंय का ते बघत होता. पोरं त्याच्या आवाजालाच घाबरून उभी राहिली.

तेव्हा भागीबाई पुढं आली. आठ वर्षांची चूल या जमिनीत घातली होती तिच्या नवऱ्यानं. तिनं पदर खोचला, पोरांना बाजूला सारलं आणि दोन्ही पायांनी मधोमध धाडकन उडी मारली. मग दुसरी. मग तिसरी. महेशच्या नावानं, नवऱ्याच्या नावानं, दात ओठ खाऊन ती उड्या मारत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थांबेना.

"दबलं का?" तिनं धापा टाकत विचारलं. दोन दिवसांत नवऱ्याशी ती पहिल्यांदा बोलत होती.

"नाय," नाथा म्हणाला.

"मंग ऊठ," ती म्हणाली, आणि पोरांकडं वळून ओरडली, "बघता काय? नाचा!"