ईदनंतर भेटू

सोड्याच्या खिचडीने मला ऑफिसच्या पॅन्ट्रीतून बाहेर काढलं. अबू धाबीतल्या एका उंच इमारतीत, एकविसाव्या मजल्यावर, मी अकाउंट्स बघते. एका दुपारी मी डब्यातली सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली आणि मायक्रोवेव्हचं दार उघडायच्या आधीच सगळ्या मजल्याला तिची वर्दी गेली. मी मात्र मन लावून जेवले. संध्याकाळच्या आत एचआरची मेल आली, सगळ्यांना मिळून. उग्र वासाचे पदार्थ कृपया पॅन्ट्रीत गरम करू नयेत. माझं नाव नव्हतं. पण शेजारच्या टेबलावरची मुलगी मेल वाचून माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की नाव लिहायची गरजच उरली नाही. त्याच पॅन्ट्रीत लोक ट्यूनाचे डबे उघडतात, उकडलेली अंडी सोलतात, त्याचा वास कुणाला येत नाही. मी मेलला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन खाली फूड कोर्टात जायला लागले. माझा राग असाच असतो, तोंडाने कमी आणि पायाने जास्त.

तसं पॅन्ट्रीत तरी माझ्याशी कोण बोलत होतं? ऑफिसातले बहुतेक जण ॲपवरून जेवण मागवायचे आणि स्क्रीनसमोरच खायचे. एका हातात काटा, दुसऱ्या हातात माऊस. घरी तर आणखी शांतता. मुलगा शिकायला कॅनडाला गेला होता. मी फोन केला की त्याची सकाळ नुकतीच उजाडलेली असायची. मी विचारायची, "जेवलास का रे काल नीट?" आणि उत्तर यायचं, "येस आई, ऑल गुड, आय हॅव अ क्लास." नवऱ्याची बदली पश्चिमेकडच्या वाळवंटात, एका साइटवर झाली होती. तो शुक्रवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी झोपायचा आणि रविवारी परत जायचा. उरलेले दिवस अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि वॉशिंग मशीन. मशीनचं काम संपलं की ते एक धून वाजवतं. काही दिवस असे गेले की घरात तेवढाच आवाज झाला. मी एकटी पडले होते. ते कुणाला सांगायची लाज वाटायची, कारण सांगण्यासारखं दुःख काहीच नव्हतं. सगळ्यांचं नीट चाललं होतं.

फूड कोर्ट दोन इमारतींच्या मध्ये, पहिल्या मजल्यावर होतं. बाहेरचं खाणं आणू नये अशी मोठी पाटी होती, पण एक करक चहा विकत घेऊन टेबलावर ठेवला की त्या पाटीकडे कुणी बघत नसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मुद्दाम परत सोडेच नेले. डबा उघडला आणि पाठीमागच्या टेबलावरून आवाज आला, "सोडे हायत ना?"

मी वळून बघितलं. पन्नाशी ओलांडलेली एक बाई, काळा अबाया, डोक्याला चॉकलेटी रुमाल घट्ट गुंडाळलेला, समोर स्टीलचा डबा. मी हो म्हटलं. त्या आपला डबा उचलून माझ्या टेबलावर येऊन बसल्या. विचारलंसुद्धा नाही. "दोन टेबलांवरून वास आला मला," त्या म्हणाल्या. "किती वर्सांनी आला. कुठली गो तू?"

मी ठाण्याची. त्या रायगडच्या, म्हसळ्याजवळच्या एका गावच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. शेजारच्या इमारतीत एका इन्शुरन्सच्या ऑफिसात त्या रिसेप्शनवर बसायच्या. नवऱ्याचं मुसफ्फामध्ये गॅरेज होतं, घर तिथून जवळच, मोहम्मद बिन झायद सिटीत. मुली लग्न होऊन गावाकडे. हे सगळं त्यांनी एका भाकरीत सांगून टाकलं. मी त्यांना आपा म्हणायला लागले, त्या मला बाय म्हणायला लागल्या. नावं आम्ही एकमेकींना पुढे कधीतरी विचारली, तीही फोनमध्ये नंबर ठेवायचा म्हणून.

त्यानंतर रोज दीड ते अडीच. आपा झोहरची, दुपारची नमाज आटोपून यायच्या, मी आधी जाऊन टेबल धरायची. त्यांची तांदळाची भाकरी आणि बांगडा, माझी पोळीभाजी. अर्धंअर्धं व्हायचं. माझं जेवण भराभर व्हायचं, त्यावर त्या रोज बोलायच्या. "कोन लागलाय मागं? चाव जरा." पलीकडे पोरी चाळीस दिरहमचं सॅलड खायच्या. आपा ते बघून हळूच म्हणायच्या, "चाळीस म्हंजे नऊशे रुपये. नऊशे रुपयांचा पाला. बकरी पन खुश होईल." मी इतकी हसायची की करक नाकात जायचा. आम्ही काही जगाचे प्रश्न सोडवत नव्हतो. गुडघे, जावई, कढीपत्ता कुठे चांगला मिळतो, माझ्या मुलाला इंग्रजीशिवाय रागवता येतं की नाही. वेळ संपली की त्या म्हणायच्या, "यल्ला, उठ आता, तुझा साहेब बोंबलेल." मी वर जायची आणि संध्याकाळपर्यंत चांगली असायची. दिवसभरात मराठीत बोललेला तो एकच तास. तो गेला असता तर माझ्याकडे काय उरलं असतं, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

आमची ओळख झाली ती एका बकरी ईदच्या जरा आधी. त्यामुळे पुढचा रमजान आमच्या मैत्रीतला पहिलाच. इतकी वर्षं इथे काढली, रमजानात कसं वागायचं ते मला पाठ आहे. उपास करणाऱ्या माणसासमोर खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. हल्ली फूड कोर्ट दुपारी उघडं असतं, पडदे लावत नाहीत, तरी माझ्या अंगात ती सवय मुरलेली. चंद्र दिसल्याची बातमी आली आणि मी आपांना मेसेज केला. रमजान मुबारक आपा. ईदनंतर भेटू. पुढे हात जोडलेले. त्यांचं उत्तर आलं, इन्शाल्ला.

मला स्वतःचं कौतुकच वाटलं. नवऱ्याला फोनवर सांगितलंही, "बिचाऱ्या पहाटेपासून उपाशी असतात, त्यांच्यासमोर डबा कुठे उघडायचा?" तो म्हणाला, "करेक्ट केलंस." ऑफिसने पॅन्ट्रीच्या काचेच्या दाराला आतून तपकिरी कागद चिकटवला होता. मी रोज दीडला आत जायची, दार लावायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. शाकाहारी, बिनवासाचं. सोबतीला फ्रीजची घरघर. मला आपांची आठवण यायची, आणि आठवण आली की वाटायचं, आपण किती समजूतदार आहोत. दिवस जात नव्हते. पण ईद येणारच होती, त्यामुळे मी दम धरला.

ईदला मी फुलांचा फोटो पाठवला, त्यांचाही आला. सुट्ट्या संपल्या त्या दिवशी मी पहाटे उठून वाटाण्याची उसळ केली, मसालेभात केला, दोघींना पुरून उरेल एवढा. दीडच्या आधीच खाली जाऊन टेबल धरलं. आपा आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला आधी राग आला, मग काळजी वाटली. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या इमारतीत त्यांच्या ऑफिसात गेले. रिसेप्शनवर एक नवीन मुलगी होती. "मॅडम? शी लेफ्ट," ती म्हणाली आणि फोन उचलला.

मी तिथेच लिफ्टपाशी उभी राहून आपांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खलास झाला गो माझा. गॅरेज इकला आमी. गावाला चाललोय कायमचे. ऐतवारी ये घरी." आवाज नेहमीसारखाच होता. मी येते म्हटलं.

रविवारी नवऱ्याने साइटवर जाता जाता मला त्यांच्या दाराशी सोडलं. हॉलमध्ये खोकेच खोके. आपांचे यजमान एक खोका दोरीने करकचून बांधत होते, वजनाचा हातकाटा गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला सलाम केला, चहाचं बघतो म्हणून आत गेले. आपांनी एका बंद खोक्यावर चादर टाकून मला बसायला दिलं आणि स्वतः समोरच्या खोक्यावर बसल्या.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं. रडू येऊ नये म्हणून मी जरा चढ्या आवाजातच बोलले. "महिनाभर तुम्हाला माहीत होतं?"

"रमजानच्या आदल्या राती ठरला. म्हटलं, फोनवर नको, टेबलावर सांगेन." त्या अबायाच्या बाहीवरचा धागा ओढत होत्या. "तू आलीच नायस."

मला कळेना. "आपा, तुमचा रोजा होता. मी कशाला येईन?"

"माजी सुट्टी होतीच ना दुपारची. नमाज झाली की मी तिथंच जायची. दुसरी कुठं जानार? ऑफिसात बसून काय लोकांची तोंडां बघू?" त्या शांतपणे सांगत होत्या, त्यामुळे मला ते जास्त लागत होतं. "पैले काय दिवस तुजी वाट बघितली. माज्या मनात, हिला कायतरी काम आला असेल. मग मी तुजा मेसेज परत वाचला. ईदनंतर भेटू. म्हटलं, हिला डब्याचीच सोबत पायजे होती. जेवन बंद, तर भेटना बंद."

"तुमच्यासमोर कशी जेवणार होते मी?"

"नसती जेवलीस." आपा म्हणाल्या. "तासभर नुसती बसली असतीस. काय झाला असता?"

मी चिडले. म्हटलं, "एक मेसेज टाकायचा होतात, ये म्हणून. धावत आले असते." त्यावर आपा म्हणाल्या, "तू म्हीनाभराची रजा घेतलीस, मी काय तुला दुपारी उपाशी बस म्हनून बोलवू? बरा दिसला असता?" म्हणजे त्यांनीही माझी अदबच राखली होती. एकविसाव्या मजल्यावर मी दार लावून जेवत होते, खाली फूड कोर्टात त्या न जेवता बसून होत्या, आणि दोघीही एकमेकींना त्रास नको म्हणून गप्प. इतक्या चांगल्या वागण्याचा मला पुरता वीट आला.

तेवढ्यात चहा आला. आपांच्या यजमानांनी खोक्यांच्या वजनाच्या तक्रारी सांगितल्या, मी ऐकल्यासारखं केलं. निघताना आपांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सावकाश जेवत जा." टॅक्सी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी धीर धरला, मग रडले. ड्रायव्हर पेशावरकडचा होता, त्याने विचारलं, "सब खैरियत, बहनजी?" मी म्हटलं, "हां भाई, सब ठीक है." आणि खरंच, सगळ्यांचं ठीकच होतं.

आपा गेल्या. सुरुवातीला मी रोज दुपारी फोन करायची. इथले दीड म्हणजे तिकडचे तीन. त्यांची नातवंडं झोपवायची वेळ. त्या हळू आवाजात बोलायच्या, मध्येच "थांब हां बाय" म्हणून जायच्या आणि परत यायला विसरायच्या. त्यांचं घर भरलेलं होतं, त्याला मी काय करू? हळूहळू रोजचा फोन आठवड्यावर गेला.

यंदाचा रमजान आला. मी कुणाला मेसेज केला नाही. तिसऱ्या दिवशी दीड वाजता पॅन्ट्रीकडे निघाले होते, दारापर्यंत गेले आणि डबा फ्रीजमध्ये तसाच ठेवून लिफ्टने खाली गेले. फूड कोर्ट निम्मं रिकामं होतं. आमच्या टेबलावर जाऊन बसले. करकसुद्धा घेतला नाही. पलीकडे दोन फिलिपिनो मुली पाठ वळवून, संकोचत काहीतरी खात होत्या. पोटात कावळे ओरडत होते आणि मला ते बरं वाटत होतं. कुणासाठी तरी काही केल्यासारखं. मग न राहवून फोन लावला.

आपांनी लगेच उचलला. मागे कुणीतरी पोर रडत होतं. "कुठं हायस गो?"

"आपल्या टेबलावर."

"जेवतेस?"

"नाही. नुसती बसलेय."

पोराचं रडणं लांब गेलं, आपांनी त्याला कुणाकडे तरी दिलं असावं. मग आपा म्हणाल्या, "आता कशाला बाय? आता कोन हाय तुझ्या समोर? जा, जेव."

मी बरं म्हटलं. वर गेले, पॅन्ट्रीचं दार लावलं आणि डबा उघडला.