विषय : भडंग मिळणेबाबत

"हात दाखव."

बाईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच ऐकावं लागे. दहावीला गटांगळी खाल्लेलं पोरगं असो नाहीतर कचेरीतला चाळिशीचा कारकून, जिना चढून आलं की दोन्ही पंजे बाईंपुढे धरायचे. बाई एकेक बोट निरखून बघायच्या. वड्याचं तेल, चिवड्याची हळद, काहीही दिसलं की बेसिनकडे मान हलवायच्या. "मशीनला वडापाव चालत न्हाई. धुऊन ये."

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ते इन्स्टिट्यूट होतं. अकरा मशीन, अकरा लाकडी खुर्च्या आणि सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत न थांबणारा खडखडाट. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बी.कॉम. झाल्यावर, बरी नोकरी मिळेपर्यंत करू म्हणून मी तिथे शिकवायला लागले आणि नऊ वर्षं राहिले. बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. अंगाने भरपूर, इतक्या की एवढासा जिना चढताना मधल्या वळणावर दोनदा थांबायच्या आणि कुणी बघत असेल तर पदर नीट करायला थांबल्यासारखं करायच्या.

आता गंमत सांगते. दुसऱ्यांची बोटं तपासणाऱ्या या बाईंच्या टेबलाचा उजवा ड्रॉवर म्हणजे किराणा दुकान होतं. वर कार्बन पेपर, कार्बनखाली तिखट चुरमुऱ्यांचं भडंग, भडंगाच्या मागे शेंगदाण्याची चिक्की, कोपऱ्यात खारीचा पुडा. भडंग बाई स्टीलच्या चमच्याने खायच्या. नवख्या माणसाला वाटे, काय टापटिपीची बाई आहे. खरं कारण एवढंच होतं, की बोटं तेलकट झाली तर मशीनला लागतील.

तुम्हीही खाणारी माणसं पाहिली असतील. चवीने खाणाऱ्याचा चेहरा खाताना खुलतो. बाईंचा खुलत नसे. दुसऱ्या कुणाचं तरी राहिलेलं काम उरकल्यासारख्या त्या खायच्या आणि संपलं की रिकाम्या पुड्याची बारीक घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. कचऱ्याच्या डब्यात टाकला तर झाडणाऱ्या मावशींना दिसेल ना.

त्या मूळच्या शिरोळच्या. एकदा मी विचारलं, "बाई, एवढं भरभर का खाता?" तर म्हणाल्या, "आम्ही सात भावंडं. ताटात पडलं की पोटात घालायचं. जरा इकडंतिकडं बघितलं की शेजारच्याचा हात आलाच." मग पुड्याची घडी घालत, "आता शेजारी कोण न्हाई. पण हाताला कोण सांगणार?"

माझी जीभ तेव्हा गरजेपेक्षा जास्त चालायची. आमच्या एका विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो. पहिल्या पंगतीला शेजारी शेजारी बसून जेवलो. बाईंनी बुंदी नको म्हटलं, मसालेभात अर्धाच घेतला. मला कौतुक वाटलं. तासाभराने निघायचं म्हणून मी त्यांना शोधत गेले, तर तिसऱ्या पंगतीत, अगदी शेवटच्या पानावर, नवऱ्या मुलाकडच्या अनोळखी बायकांत बाई बसलेल्या. पानात बुंदीचा ढीग. त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी मी मशीनवरच्या पोरींना तो किस्सा रंगवून सांगितला. पोरी पोट धरून हसल्या. मीही हसले. त्याची लाज मला नंतर वाटली, आणि अजून वाटते.

थोरल्या बहिणीला त्या अक्का म्हणायच्या. अक्का शिरोळलाच होती. तिचंही अंग असंच, खाणंही असंच. मग साखर लागली आणि साखरेने तिचे डोळे नेले. भिंतीला हात लावत परसात जाणारी अक्का पाहून आलं की बाई दोन दिवस गप्प असायच्या आणि त्या दोन दिवसांत ड्रॉवर दोनदा रिकामा व्हायचा.

एक दिवस खालच्या डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, की साखर उंबऱ्यावर आलीय, खाणं असंच राहिलं तर अक्कांच्या वाटेने जाल. बाई जिना चढून वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "टायपिंगला डोळं लागत न्हाईत. मीच शिकवतो की पोरांना, खाली बघू नका म्हणून." मी हसले. त्यांनी तपासायचे पेपर पुढे ओढले, लाल पेन्सिल उचलली आणि एकही खूण न करता बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

त्यानंतर सगळे उपाय झाले. सोमवार धरला, पण साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या जाऊ लागली. गुरुवार धरला. कुणीतरी दिलेली कसलीशी पावडर पाण्यातून घेतली, तिने भूक वाढली. पहाटे फिरायला जायच्या, येताना गरम पोह्यांच्या गाडीशी थांबायच्या. शेवटी त्यांनी ड्रॉवरला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. "मी मागितली तरी द्यायची न्हाई. पाया पडलो तरी."

दुपारी चार वाजता किल्ली मागितली. मी दिली. दुसऱ्या दिवशी मागितली, दिली. आठवडाभर हेच. कुलूप लावायचा आणि काढायचा तेवढा व्यायाम झाला. मग शनिवारी मीही हट्टाला पेटले. म्हटलं, "नाही देणार."

"दे म्हणतोय न्हवं?"

"बाई, तुम्हीच सांगितलंय."

"पगार कोण देतंय तुला?"

अकराही मशीन थांबली. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि माझी पर्स उचलली. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ताडकन उठून खिडकीजवळच्या मशीनवर जाऊन बसल्या. कागद चढवला आणि बडवायला लागल्या. मी ओळखलं, आपल्याला काढल्याचं पत्र. ओळीच्या शेवटची घंटी वाजत होती आणि मी मनात हिशोब करत होते, की घरी आईला काय सांगायचं.

कागद सर्रकन ओढून त्यांनी माझ्या हातात दिला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

"प्रति, श्रीमती भूक, मु. पो. पोट. विषय : भडंग मिळणेबाबत. संदर्भ : आपला आजचा दुपारी चार वाजताचा अर्ज. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून तो विचाराधीन आहे. निर्णय यथावकाश कळविण्यात येईल. तोपर्यंत आपण कार्यालयात समक्ष येऊन कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. आपली विश्वासू."

आमच्याकडे परीक्षेसाठी पोरांकडून सरकारी पत्रं घोटून घेतली जात. हजारदा बडवलेली ती भाषा बाईंच्या बोटांत बसलेली होती. मी वाचता वाचता हसले आणि हसता हसता रडले. बाई मात्र घड्याळाकडे बघत होत्या.

"अगं, गेली," त्या हळूच म्हणाल्या.

"काय गेलं?"

"भूक. पान संपलं आणि ती बी गेली."

मशीन पुन्हा सुरू झाली. किल्ली त्या दिवशी टेबलावरच राहिली.

तेव्हापासून रोज चारला बाई खिडकीजवळच्या मशीनवर बसू लागल्या. नव्या पोरांना वाटायचं, बाईंचा मंत्रालयाशी पत्रव्यवहार चालतो. विषय बदलायचे. खारी मिळणेबाबत. काल रात्रीच्या उरलेल्या पुरणपोळीबाबत. समोरच्या गाडीवरील भज्यांच्या वासाबाबत तक्रार. सगळेच अर्ज अडकून पडायचे असंही नाही. कधी लिहायच्या, "आपली विनंती अंशतः मान्य करण्यात येत असून दोन चमचे भडंग मंजूर करण्यात येत आहे." मग ड्रॉवर उघडून खरंच दोन चमचे मोजून खायच्या आणि कुलूप लावायच्या. आणि ते दोन चमचे खाताना, मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांचा चेहरा खुलायचा.

"तिला न्हाई म्हटलं की भांडती," त्या मला समजावून सांगायच्या. "विचाराधीन म्हटलं की गप बसती. अख्खा जिल्हा गप बसतो की या शब्दाला, तिची काय कथा?"

चार-पाच महिने असे गेले आणि निकालाचा दिवस आला. टायपिंगच्या निकालाला पोरं पेढे घेऊन येतात. नुसते ठेवून जात नाहीत. बाईंच्या तोंडात स्वतःच्या हाताने घालायचा, मग पाया पडायचं. त्या वर्षी निकाल छान लागला होता. एका पोराचे वडील बिद्रीकडच्या खेड्यातून मुद्दाम आले होते. त्यांच्या घरात नोकरीच्या लायक झालेला तो पहिलाच. म्हणाले, "बाई, पेढा न्हाई खाल्ला तर मी हितंच बसतो." बाईंनी खाल्ला. तिथून त्यांचा हात थांबला नाही. संध्याकाळी पोरं गेल्यावर त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी दार वाजवलं. "तू जा घरी," एवढंच उत्तर आलं. सकाळी मी सात रिकामे बॉक्स मोजले.

त्या दिवशी बाई आल्या नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाही. नऊ वर्षांत असं फक्त त्याच वेळी घडलं. दुपारची बॅच संपवून मी खिडकीजवळच्या मशीनवर बसले, एक कागद बडवला आणि त्यांच्या घरी गेले. बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"सगळं मातीत गेलं बघ," त्या वळून न बघता म्हणाल्या. "मी अक्काच्याच वाटंची. उगं कागदं काळी केली."

मी बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. लग्नातला तो किस्सा मी पोरींना सांगितला होता, हसले होते, हे सगळं मी तिथे उभ्याने कबूल केलं.

"ठाऊक हाय मला," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलंतं. म्हटलं, पोर हाय, हसू दे."

मी कागद त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी बऱ्याच वेळाने तो उचलला आणि चष्मा लावला. मी लिहिलं होतं, की परवाचे सर्व अर्ज कार्यालयातील गर्दीमुळे नजरचुकीने मंजूर झाले आहेत. सदर मंजुरी त्या दिवसापुरतीच समजण्यात यावी. यामुळे या कार्यालयाच्या पूर्वीच्या कामकाजास कोणतीही बाधा येत नाही. उद्यापासून कार्यालय नेहमीच्या वेळेत सुरू राहील.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग उठून बसल्या.

"डावीकडं मार्जिन कमी सोडलंयस," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं शिकवतीस आणि मार्जिन कळंना तुला?" नाक पुसलं. "चहा टाक. बिनसाखरेचा."

पुढे बाई बारीक झाल्या असं सांगितलं तर खोटं होईल. जिन्यात दोनदा थांबायच्या, त्या एकदा थांबू लागल्या. निकालाच्या दिवशी पोरांनी पेढे आणले तर मी टेबलापाशी उभी राहायचे, आणि एक पेढा बाईंच्या तोंडात गेला की बाकीचे लगेच पोरांतच वाटून टाकायचे. वर्षातून एक-दोनदा दार लागायचंच. दुसऱ्या दिवशी चारला बाई मशीनवर बसलेल्या असायच्या. साखर उंबऱ्यावरच राहिली, आत आली नाही. खालचे डॉक्टर म्हणायचे, हेच पुष्कळ आहे.

दोन हजार सालानंतर गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले. आमच्या बॅच ओस पडत गेल्या. बाईंनी फार त्रागा केला नाही. मशीन विकली, जागा सोडली आणि अक्काजवळ शिरोळला राहायला गेल्या. मला एका पतपेढीत नोकरी लागली. वर्षातून एकदा डोळे तपासायला बाई कोल्हापुरात यायच्या आणि मी रजा काढून त्यांच्यासोबत जायचे.

शेवटचं आठवतं ते असंच एकदाचं. डॉक्टर तरुण होता. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं बाई डिक्टेशन दिल्यासारखी धडाधड वाचत खाली आल्या. शेवटची बारीक ओळही वाचली. डॉक्टर म्हणाला, "बास, मावशी."

"त्याच्या खाली छापखान्याचं नाव हाय. ते बी वाचू?"

मग डोळ्यांत थेंब घातले, बाकावर डोळे मिटून तासभर बसवलं आणि आत नेऊन बराच वेळ तपासलं. त्या बाकावर बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांचा पडदा चांगला आहे, पुढच्या वर्षी या. थेंबांमुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. मी त्यांना रिक्षाने स्टँडवर आणलं, पाटी वाचून शिरोळच्या गाडीत खिडकीशी बसवलं. अक्काला रोज पेपर वाचून दाखवायच्या, म्हणून आजचा पेपर घेऊन दिला.

"चारचा अर्ज अजून येतो का हो, बाई?" मी खिडकीखालून विचारलं.

"येतो की. रोज येतो. आता हातानंच लिहितो मी उत्तर." मग जरा वाकून म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणालं, परत सांग बघू."

"पडदा चांगला आहे म्हणाले."

"मग अक्का न् मी, दोघींपुरतं झालं की," बाई म्हणाल्या.

गाडी हलली. बाई खिडकीतून हात हलवत होत्या, पण उन्हात आणि त्या थेंबांत त्यांना मी नीट दिसत नसावे. त्यांचं तोंड माझ्यापासून दोन हात पलीकडे उभ्या असलेल्या केळीवाल्याकडे होतं. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत त्या त्याच्याकडे बघून हसत होत्या, आणि त्या भल्या माणसानेही शेवटपर्यंत हात हलवला.