हाकेला ओ

मी घर सोडलं तेव्हा माझ्या तोंडात शेंगांचा लाडू होता. कुरुंदवाडच्या एसटी स्टँडवर गाडी सुटायच्या बेतात असताना आईनं खिडकीतून हात घालून तो कोंबला होता. कंडक्टरनं बेल मारली, गाडी हलली, आणि मागून अण्णांची हाक आली, "पदूऽऽऽ!"

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची हाक ज्यांनी ऐकलीय त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमचं अर्धं रान कृष्णेच्या पलीकडं. पूल व्हायच्या आधी पल्याड गेलेली नाव परत बोलवायची असली की सगळी आळी अण्णांना पुढं करायची. काठावर उभं राहून त्यांनी एक हाक टाकली की नावाडी तर ऐकायचाच, पण पल्याडच्या गावातली कुत्रीही उठून बसायची. तर त्या आवाजात स्टँडवर माझं नाव घुमलं. भेळवाल्यापासून कंट्रोलरपर्यंत सगळ्यांनी वळून बघितलं. मी नुसता हात हलवला. तोंड भरलेलं, ओ कुठून देणार?

आमच्याकडं हाकेला ओ न देणं ही साधी गोष्ट नाही. भांडण असलं तरी आधी ओ द्यायची, मग फुरंगटून बसायचं. त्यामुळं अण्णांनी पुढं कितीतरी वर्षं ते मला फोनवर ऐकवलं. "हाकेला ओ न्हाय दिलीस तू. तशीच गेलीस." मी लाडवाचं सांगितलं की म्हणायचे, "गिळायचा की मग."

तुम्ही जे अजून तिथंच आहात आणि जे माझ्यासारखे कुठं कुठं पांगलात, दोघांनाही त्या न दिलेल्या ओचं पुढं काय झालं ते सांगायचंय.

ती गाडी कोल्हापूरची. शाळेसाठी मी तिथं मामांकडं राहिले. शेजारी एक म्हातारे मास्तर राहायचे, तरुणपणी सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवलेले. नाद त्यांनी लावला. मग पुणं, तिथून शिष्यवृत्ती, आणि शेवटी जर्मनीतलं कोलोन. माझ्या वर्गातला एकजण म्हणायचा, तू फार लांब आलेली नाहीस, 'कोल' तेच, नुसतं 'हापूर' मागं टाकलंस. तिथं व्हायोलिन सुटलं आणि व्हायोला हातात आली. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण, आवाजानं घोगरी. मला ती लगेच आपल्याकडची वाटली.

पुण्यानं माझं पहिलं काय काढून घेतलं असेल तर ते 'आलो'. आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, जेवलो म्हणतात. होस्टेलवर पहिल्याच दिवशी मी "जेवून आलो" म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसून लोळल्या. थोड्याच दिवसांत मी 'आले' म्हणायला शिकले. कोलोननं मग आवाजच काढून घेतला. तिथल्या इमारतींत रुहेत्साइट असते, म्हणजे सगळ्यांनी शांत बसायची ठरलेली वेळ. पहिल्या हिवाळ्यात अण्णांचा फोन आला होता. फोनवर ते जीव खाऊन बोलतात. "लांब हाय म्हटल्यावर वरडायला लागतंय की," असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांच्या नादानं माझाही आवाज चढला. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकर वर आल्या, दार वाजवलं आणि काळजीनं म्हणाल्या, "भांडण चाललंय का? पोलिसांना बोलावू?" आम्ही म्हशीच्या रेडकाविषयी बोलत होतो.

त्या दिवसापासून फोनचा आवाज कमी, खिडकी बंद आणि मी हळू. पुढं ते अंगवळणीच पडलं. दुकानात हळू, ट्राममध्ये हळू, तालमीत हळू. लोक म्हणायचे, किती शांत मुलगी. आईनं ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

तर ही शांत मुलगी एका चेंबर एन्सेम्बलमध्ये शिरली. सात वादक, समोर उभा राहून हातानं खुणा करणारा कंडक्टर नाही, आणि संगीत सगळं आजचं. म्हणजे वाद्यं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली जुनीच, पण लिहिणारे हयात, तालमीला येऊन वाद घालणारे. कधी गज तारेवर न घासता लाकडावर घासायचा, कधी बासरीतून सूर न काढता नुसती फुंकर सोडायची. कोलोनमध्ये त्याला ऐकणारे आहेत आणि त्याच्या मैफलींचा वर्षाला एक सीझन असतो. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यातला एकच शब्द कळला, पण तो मात्र पुरेपूर कळला. आमच्याकडं सीझन म्हणजे साखर कारखान्याचा. "आमच्यासारखंच की मग," ते म्हणाले. "दिवाळीच्या म्होरं-मागं चालू, उन्हाळ्यात बंद. टोळी केवढी हाय?" ऊस तोडायला येते ती टोळी. तेव्हापासून आमच्या घरात एन्सेम्बल हा शब्द कुणी वापरला नाही.

टोळीनं मला एका सीझनपुरतं घेतलं होतं. शेवटच्या मैफलीनंतर सगळे मिळून ठरवणार होते, ठेवायचं की नाही. नाही म्हणाले तर तिथं राहायचा परवानाही जाणार, कारण तो त्या नोकरीवरच होता. परत येण्याची मला लाज नव्हती. पण मला हेच संगीत वाजवायचं होतं, आणि ते एकटीनं वाजवता येत नाही. ती खुर्ची मला हवी होती, फार हवी होती.

अडचण वाजवण्याची नव्हतीच. कंडक्टर नसला की प्रत्येक गोष्ट भांडून ठरवावी लागते. किती हळू, किती वेळ थांबायचं, खूण कुणी करायची. सगळे हमरीतुमरीवर यायचे आणि मग एका टेबलाशी बसून सूप प्यायचे. मी दरवेळी म्हणायचे, चालेल. नाताळच्या सुमाराला उर्सुलानं मला बाजूला घेतलं. उर्सुला चेलो, म्हणजे बसून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन, वाजवते, वयानं सगळ्यांत मोठी, टोळीचा मुकादम म्हणाल तर तीच. म्हणाली, "तू छान वाजवतेस. पण 'चालेल' हे काही मत नव्हे. त्या खुर्चीत कोण बसलंय ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

त्यातच योनासची रचना आली. योनास हा तरुण संगीतकार. त्याच्या रचनेत शेवटी आम्ही वादकांनी सभागृहाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत जायचं आणि एकेकानं आपापल्या भाषेत, तिथं नसलेल्या एखाद्या माणसाला हाक मारायची. उर्सुला तेवढी चेलो घेऊन मंचावर. हाकांना उत्तर येत नाही. मग लांबलचक शांतता, आणि त्या शांततेतून चेलो एकटा उठतो. कुणी बहीण निवडली, कुणी जुनी मैत्रीण, एकानं तर मेलेला कुत्रा. मी अण्णा निवडले. तालमीत हाक मारली तर ती पुढच्या खुर्चीपर्यंतही पोचली नाही. योनास म्हणाला, "ऐकू आलं नाही." मी पुन्हा मारली. तो म्हणाला, "ही हाक नाही, ही चौकशी आहे."

मी घरी फोन केला. "अण्णा, नावेला हाक कशी मारायचा तुम्ही?"

"आता पूल झालाय की. हाक कशाला?"

"टोळीत पाहिजे."

अण्णांनी जरा विचार केला. "त्यात शिकवायचं काय? काम असलं की येती आपोआप."

कोलोनमध्ये माझी हाक शेवटपर्यंत चौकशीच राहिली. आणि सीझनची शेवटची मैफल कोल्हापुरात ठरली. दौरा खरं तर पुण्याचा होता, पण उर्सुलानं माझ्यासाठी म्हणून कोल्हापूर जोडलं. आनंद करायचा सोडून मी हिशोब घालत बसले, आता आपल्याच माणसांसमोर चौकशी करायची. एका शाळेचं सभागृह मिळालं. पंखे कुरकुरत होते म्हणून ते बंद ठेवावे लागले, आणि बाहेर चैत्राचं ऊन. कुरुंदवाडहून टेम्पो भरून माणसं आली. आईनं टोळीसाठी बासुंदीचा डबा आणला होता. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले.

लोकांनी नीट ऐकलं, हे सांगितलंच पाहिजे. हातातल्या कागदांनी वारा घेत, पण ऐकलं. बासरीतून नुसती फुंकर निघाली तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "भाता चालवतंय की रं हे," आणि शेजारच्यानं त्याला गप केलं. मग योनासची रचना आली आणि आम्ही कोपऱ्यांत गेलो. माझा कोपरा मागचा, दाराजवळचा. बाकीच्यांच्या हाका झाल्या आणि माझी पाळी आली. तो उकाडा, दाराबाहेर रिक्षावाल्यांचं मोठ्यानं चाललेलं बोलणं, ओळीनं बसलेली माझी माणसं. तिथं हळू बोलायचं काही कारणच नव्हतं. हाक बेंबीच्या देठापासून निघाली. "अण्णाऽऽऽ!"

रचनेप्रमाणं अण्णा तिथं नसायला हवे होते. ते तिसऱ्या रांगेत होते. लेक एवढ्यानं हाक मारतेय म्हटल्यावर आमच्याकडचा कुठलाही बाप करेल तेच त्यांनी केलं. उठले, मागं वळले आणि म्हणाले, "ओऽऽऽ! हाय की हितं! काय झालं?"

अख्खं सभागृह हसलं. अण्णा उभेच, माझ्याकडं बघत. मी हातानं खूण केली, काही नाही, बसा. ते बसले. योनासची शांतता गेली आणि तिच्याबरोबर माझी खुर्चीही गेली, असं मी धरून चालले. उर्सुला थांबली होती. शेवटच्या माणसाचं हसू विरेपर्यंत थांबली, त्यानंतरही थोडी थांबली, आणि मग तिनं तारेवर गज टेकवला.

मैफल संपल्यावर आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत जमलो. कपडे बदलायला तीच खोली मिळाली होती. योनास रागानं लाल झाला होता. शांतता हा रचनेचा कणा आहे, तो म्हणाला, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मग म्हणाला, या लोकांना गप्प बसायला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. एवढं ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. मी जर्मनमध्ये सुरू केलं. आमच्याकडं हाक शोभेला मारत नाहीत. कुणीतरी ऐकावी म्हणून मारतात, आणि ऐकणारा समोर असून गप्प बसला तर त्याला माणूस म्हणत नाहीत. उत्तर नको होतं तर हाक घालायची नव्हतीस, नाहीतर कोल्हापूरला आणायची नव्हतीस. आणि माझ्या बापानं ओ दिल्यावर जी शांतता आली ती तू ऐकलीस का? कारण मी ऐकली! योनास चढला, मीही चढले. मधे मधे मराठीही पडलं असावं, आणि सगळंच मराठी सभ्य नसावं.

दार ढकलून अण्णा आत डोकावले. मागं आई, हातात बासुंदीचा डबा. "काय, भांडण चाललंय काय?"

"न्हाय अण्णा," मी म्हणाले. "मी बोलतोय."

तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. बोलतेय नव्हे, बोलतोय. कितीतरी वर्षांनी. उर्सुलाला शब्द कळला नव्हता, पण ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "आता कळलं," ती म्हणाली, "खुर्चीत कोण बसलंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्ता करता करता त्यांनी सांगून टाकलं. ठेवलं मला. योनासनं आपली शांतता काही बदलली नाही, फक्त रचनेत एक ओळ वाढवली. कुणी ओ दिली, तर ती ऐकून घ्या. मला हुश्श झालं. खुर्ची मिळाल्याचं हुश्श तर होतंच, पण त्याच्या खाली आणखी एक होतं. इतकी वर्षं मी छाती दाबून धरली होती, आणि दाबून धरलीय हेही विसरले होते. ते सुटलं. मी रडलेबिडले नाही. दोन इडल्या जास्त खाल्ल्या.

आई आणि अण्णा मामांकडं मुक्कामाला राहिले होते. टोळीची गाडी पुण्याला निघाली तेव्हा दोघं हॉटेलच्या दारात हजर. गाडी हलायच्या बेतात असताना आईनं खिडकीतून हात घातला आणि लाडू कोंबला. मला तोंड मिटायला सवडच दिली नाही. मागून हाक आली, "पदूऽऽऽ!" मी गाल फुगवून, डोळे वटारून बसलेली. आणि माझ्या मागच्या सीटांवरून, उर्सुलापासून योनासपर्यंत, सगळ्या टोळीनं खिडक्यांतून डोकी काढून ओ दिली. उच्चार जरा जर्मन होता. अण्णांनी हात वर केला. नंतर फोनवर म्हणाले, "आता कशी रीतीनं गेलीस."

कोलोनमध्ये आता नवा सीझन सुरू झालाय. गाव कुठलं असं कुणी विचारलं तर मी कुरुंदवाडच सांगते, आणि पत्ता विचारला तर इथला देते. दोन्ही सांगताना हल्ली जीभ अडखळत नाही. फ्राऊ बेकरना मी सांगून टाकलंय, रविवारी दुपारी आमच्याकडं भांडण नसतं, फोन असतो. त्या जिन्यात भेटल्या की रेडकू कसं आहे म्हणून विचारतात. त्याची केव्हाच म्हैस झाली हे त्यांना पटत नाही.

परवा तालमीला मी मागच्या खोलीत तार बदलत बसले होते. सभागृहाच्या पार त्या टोकावरून उर्सुलानं हाक मारली, "पदूऽऽऽ!" ऊकार चांगला लांबवलेला, अण्णांसारखा.

"ओऽऽ," मी म्हणाले, "आलो की!"

कोल्हापुरीतच म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं. बाकीचे आपापली वाद्यं जुळवत होते. कुणीही वळून बघितलं नाही.