घास जायची वाट

कोल्हापुरात तेव्हा घशातून पोटात घालायची दुर्बीण नवी होती. डॉक्टर कौतुकानं नातेवाइकांनाही तिला डोळा लावायला बोलवायचे. बाकावर माझ्याशेजारी शाहूवाडीकडचा एक म्हातारा भाकरीचं फडकं मांडीवर धरून बसला होता. त्याची बायको आत होती. त्याला बोलावलं, तसा चपला काढून, टोपी काखेत धरून तो गेला. परत आला आणि भिंतीकडं बघत बसला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"घास जायला वाटच न्हाय, पावणं. कवापासनं उपाशी हाय कुणास ठाऊक. मी जेवून उठल्यावर ती बसायची. तिला जेवताना मी कधी बघितलंच न्हाय."

पदरानं तोंड पुसत बायको बाहेर आली. तिनं आधी विचारलं, "तुमी जेवलासा न्हवं?"

गाठ न सोडलेलं फडकं पाठीमागं सारत तो म्हणाला, "व्हय."