तरंगणारं चुंबक आणि हेडसर

“मॅडम, कायतरी तरंगाय पायजे. नुसत्या स्लाइडा बघून पावणं झोपतील,” हेडसर म्हणाले. सेमिनार दुसऱ्या दिवशी होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात मी कॉलेजात फिजिक्सची टेंपररी लेक्चरर, हेडसर आमच्या विभागाचे प्रमुख. सेमिनारचा विषय ऑरगॅनिक सुपरकंडक्टर. सुपरकंडक्टर म्हणजे असा पदार्थ, जो पुरेसा थंड केला की त्यातून वीज जराही वाया न जाता वाहते. शिवाय तो चुंबकाला दूर ढकलतो, म्हणून चुंबक त्याच्यावर अधांतरी राहतं. ऑरगॅनिक म्हणजे कार्बनच्या रेणूंचा. मुंबईहून येणाऱ्या एक्स्पर्टना सेमिनार पटला तर प्रोजेक्ट मंजूर, आणि प्रोजेक्ट मंजूर झाला तरच माझी नोकरी राहणार. नाहीतर जूनपासून घरी.

“सर, ऑरगॅनिकला लिक्विड हीलियमची थंडी लागते. ते कोल्हापुरात कुठलं?”

“मग काय हाय आपल्याकडं?”

“लिक्विड नायट्रोजन मिळेल. त्यात सिरॅमिक सुपरकंडक्टरची गोळी चालते. पण आपला विषय तो नाही.”

“चालतंय की. आणा.”

लिक्विड नायट्रोजन आमच्याकडे असतो जनावरांच्या डॉक्टरांकडे. वळूचं, रेड्याचं वीर्य त्यात गोठवून ठेवतात. गडमुडशिंगीचे डॉक्टर भला माणूस. कंटेनर घेऊन स्वतःच आले आणि पहिल्या रांगेत बसले. तो नजरेआड करायला ते काही तयार नव्हते.

आधी पाहुण्यांना फेटा बांधला, हार घातला, भाषणं झाली. आमच्याकडे अणूवर बोलायचं असलं तरी सत्कार चुकत नाही. मग मी गोळीवर नायट्रोजन ओतला. धुराचे लोट निघाले आणि चुंबक तरंगलं. पोरांनी टाळ्या कुटल्या. तेवढ्यात हेडसरांनी माइक ओढला.

“बघा, हा आमच्या मॅडमनी बनवलेला ऑरगॅनिक सुपरकंडक्टर.”

फेटा सावरत पाहुणे म्हणाले, “नायट्रोजनच्या तापमानाला ऑरगॅनिक? जगात कुणाला जमलेलं नाही. मग तुम्हाला आमचा प्रोजेक्ट कशाला हवा?”

हो म्हणावं तर लबाडी, नाही म्हणावं तर हेडसर माझं तोंड बघणार नाहीत. रागही असा आला होता म्हणून सांगू. आणि तोंडातून निघून गेलं, “पोरांनो, सरांनी मुद्दाम एक चूक सांगितली. कोण जागं आहे ते बघायचं होतं. हो ना सर?”

हेडसरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पाहुण्यांकडं.

“व्हय,” ते म्हणाले. “आणि एकानंबी वळखली न्हाय. टाळ्या कसल्या वाजवताय?”

मग मी आमच्या लॅबमधला खरा ऑरगॅनिक क्रिस्टल त्याच नायट्रोजनमध्ये गार केला. सुईच्या टोकाएवढा काळा तुकडा. चुंबकाजवळ नेला तरी ढिम्म. “याला याहून खूप जास्त थंडी लागते. तीच मागायला हा प्रोजेक्ट आहे,” मी म्हटलं. पाहुणे हसले, आणि मग प्रश्न विचारून विचारून त्यांनी माझा घाम काढला. डॉक्टर उठले म्हणून मी सुटले.

“मॅडम, कंटेनर द्या. म्हस माजावर आलीया, ती काय थांबायची न्हाय.”

प्रोजेक्ट मंजूर झाला, नोकरी राहिली. साहेबाची चूक अंगावर येत असेल तर ती त्याचीच हुशारी म्हणून जाहीर करावी, एवढं मी शिकले. फक्त एक धोका असतो. साहेबाला ती हुशारी आवडते. हेडसर रिटायर होईपर्यंत प्रत्येक सेमिनारात मुद्दाम एक चूक सांगायचे आणि पोरांना ओळखायला लावायचे.

पोरं दर वेळी तीन-चार शोधून काढायची.